टिंबापुढचा चंद्रभान

चंद्रभान लांजेवारला मी पहिल्यांदा पाहिलं, त्या दुपारी हुडकेश्वरात इतकं तापलं होतं की विहिरींनी आपलं पाणी आपणच पिऊन टाकलं होतं. आमच्या गल्लीतलं डांबर दुधासारखं उतू जात होतं. कावळे झाडावरून पटापट खाली पडत होते आणि खाली चटका बसला की पुन्हा झाडावर जाऊन पडायच्या रांगेत उभे राहत होते. मे महिन्यातल्या अशा दुपारी नागपुरात कोणी कोणाच्या दारी जात नाही. यमदूतसुद्धा संध्याकाळची ड्यूटी मागून घेतात.

आणि आमच्या दारावरची बेल वाजली.

दारात एक इसम उभा होता. डोक्याला आणि तोंडाला पांढरा दुपट्टा, डोळ्यांवर काळा चष्मा, काखेत काहीतरी दाबून धरलेलं. दरोडेखोर म्हणावा तर एवढ्या उन्हात दरोडा घालण्याइतका मेहनती दरोडेखोर विदर्भात जन्मायचा आहे. मी काही बोलणार इतक्यात दुपट्ट्यातून आवाज आला.

"भाऊ, तुमच्याकडे नेट चालते का?"

"चालतं. पण आपण..."

"मी लांजेवार. कोपऱ्यावरच्या घरात परवाच आलो राह्याले. आमच्या फेजची लाईट गेली आन् माही मीटिंग सुरू होऊन राहिली."

हे वाक्य पुरं होईपर्यंत तो माझ्या दिवाणावर मांडी घालून बसला होता, काखेतला लॅपटॉप उघडला होता आणि माझ्याच तोंडून माझ्या वायफायचा पासवर्ड काढून घेतला होता. मग त्याने हात लांब केला आणि माझा कूलर बंद केला.

बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो. नागपुरात माणूस दुसऱ्याची जमीन बळकावू शकतो, त्याला कोर्ट आहे. पण मे महिन्यात दुसऱ्याचा चालू कूलर बंद करणं या गुन्ह्याला कलमच नाही, कारण तो कोणी करील अशी कायदा करणाऱ्यांना कल्पनाच आली नाही.

"अहो, कूलर काहून बंद केला?" मी ओरडलो. रागात मलाही वऱ्हाडी येते.

"घर्रघर्र ऐकू जाते नं जी त्याईले."

"कोणाला?"

"जगाले," तो म्हणाला आणि स्क्रीनकडे पाहून त्याने हात जोडले.

स्क्रीनवर खरोखरच जग होतं. चौकोनाचौकोनात बसलेलं. गोरं, काळं, पिवळं, कोणी कोट घातलेलं, कोणी कॉफी पिणारं, एकाच्या खांद्यावर मांजर. मी टॉवेल शोधत त्याच्या मागून गेलो तेव्हा माझ्या अंगावर बनियन आणि पट्ट्यापट्ट्याची अर्धी चड्डी एवढाच पोशाख होता. मधल्या चौकोनातल्या पांढऱ्या केसांच्या बाई काहीतरी म्हणाल्या आणि सगळं जग हसलं.

"मॅडम विचारून राहिल्या," चंद्रभानने मागे वळून मला समजावलं, "का हे कोणत्या देशाचे प्रतिनिधी आहेत म्हणून."

एवढ्यात आमची ही, म्हणजे कामिनी, स्वयंपाकघरातून पन्ह्याचा ग्लास घेऊन आली. काचेचा उंच ग्लास, वर वेलदोड्याची पूड. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण न मागता आलेलं पन्हं मी त्या घरात पाहिलेलं नाही. मी हात पुढे केला. ग्लास माझ्या हाताला वळसा घालून पुढे गेला.

"तुम्हाला हवं असेल तर पातेल्याला लागलेलं आहे," ती म्हणाली.

माझ्या पोटात जे दुखायला लागलं ते त्या क्षणापासून.

आता हा चंद्रभान कोण, ते सांगतो. मूळचा नरखेड तालुक्यातला. तिकडे त्याचा मोठा भाऊ नत्थूभाऊ संत्र्याची बाग सांभाळतो. चंद्रभानचं नागपूरच्या महाल भागात एक लहानसं दुकान आहे. तिथे तो मंगल कार्यालयं, बिछायतवाले, बँडवाले आणि केटरर यांची संकेतस्थळं बनवून देतो. नागपुरातल्या ज्या ज्या संकेतस्थळावर डावीकडून उजवीकडे घोडा पळतो आणि गुलाबाच्या पाकळ्या पडतात, ते चंद्रभानचं काम समजावं. उंची बेताची, पोट बेताच्या पुढचं, शर्टाच्या खिशात नेहमी एक कंगवा आणि एक संत्रागोळी.

अशा माणसाचं जगाशी काय काम? मीही तेच विचारलं. तेव्हा कळलं की नत्थूभाऊच्या बागेसाठी संकेतस्थळ करायला घेतलं, तर 'नागपूर' आणि 'संत्रा' हे शब्द असलेला पत्ता कुठल्या तरी सातासमुद्रापारच्या माणसाने आधीच घेऊन ठेवला होता. त्याला संत्र्याशी घेणं नव्हतं, नागपूरशी नव्हतं. नुसता अडवून बसला होता, विकायला.

"आपल्याच गावाचं नाव आपल्यालेच विकून राहिला तो!" चंद्रभान मला सांगत होता. "मी म्हटलं, याची तक्रार कुठी करायची? शोधता शोधता समजलं का पुढं तं याहून मोठा घोळ होऊन राहिला आहे."

तो घोळ असा. इंटरनेटवरच्या प्रत्येक पत्त्याच्या शेवटी एक टिंब असतं आणि टिंबानंतर एक शेपूट. डॉट कॉम, डॉट इन, अशी. ही नावं सांभाळणारी एक जागतिक संस्था आहे. तिने ठरवलं, की लोकांना नवी नवी शेपटं काढू द्यावीत. फळाचं काढा, आडनावाचं काढा, शहराचं काढा. पण कोणाला कोणतं द्यायचं, दोघांनी एकच मागितलं तर काय करायचं, कोणाला विचारून द्यायचं, याचे नियम नकोत का? ते नियम ठरवायला एक समिती होती. आणि या समितीची गंमत अशी, की तिच्यात कोणीही जाऊ शकत होतं. परीक्षा नाही, निवडणूक नाही, ओळख नाही. ईमेल असलेला कोणताही मनुष्यप्राणी.

चंद्रभान गेला.

तिथे त्याला कळलं, की देशाच्या राजधानीचं नाव कोणाला हवं असेल तर त्याने तिथल्या सरकारची संमती आणायची. बाकीच्या शहरांचं मात्र तसं नाही. 'हे नाव मी त्या शहरासाठी म्हणून वापरणार नाही' एवढं म्हटलं, की शहराला विचारायचं कारण उरत नाही.

"म्हणजे दिल्लीले विचारतीन, अन् नागपूरले नाही!" चंद्रभानचा आवाज चढायचा. "आपण उपराजधानी आहो नं? मुंबईनं राजधानी नेली, पुण्यानं बाकीचं समदं नेलं. एक नाव राहिलं होतं आपल्याजवळ. तेही कोणी घेऊन जाईन अन् आपल्याले पत्ता नाही लागणार?"

म्हणून त्याला त्या नियमांत एक वाक्य घालायचं होतं. एकच. कोणत्याही शहराचं नाव घेण्याआधी, वापर कोणताही असो, त्या शहराच्या नगरसंस्थेला विचारलं पाहिजे. तो त्याला 'माहं वाक्य' म्हणायचा. जसं कोणी 'माझी मुलगी' म्हणतं तसं. ते एकदा नियमात बसलं, म्हणजे मग आपण डोळे मिटायला मोकळे, असं तो बायकोला, म्हणजे भावनावहिनींना, सांगायचा आणि त्या, "आधी गॅस सिलेंडरचा नंबर लावा अन् मग डोळे मिटा," असं म्हणायच्या.

यात मला जळण्यासारखं काय होतं? सांगतो. चंद्रभान येण्यापूर्वी आमच्या कॉलनीत एकच प्रसिद्ध माणूस होता. तो मी. दर रविवारी माझा विनोदी लेख छापून येतो. गणपतीत बक्षीस वाटायला मला बोलावत. संगीतखुर्ची जिंकलेल्या मुलांना मी स्टीलचे डबे दिलेले आहेत, आणि त्या मुलांच्या आयांनी मला डबे देताना पाहिलेलं आहे. कॉलनीचे अध्यक्ष वामनराव, हे निवृत्त हेडमास्तर, माझी ओळख 'आपल्या हुडकेश्वरचे साहित्यिक' अशी करून देत. मी मान खाली घालून ते सहन करत असे.

त्या वर्षी गणपतीत वामनरावांनी माइक हातात घेतला आणि म्हणाले, "आज आपल्यामध्ये, संपूर्ण जगाच्या इंटरनेटचं धोरण ठरवणारे, पाच खंडांत ज्यांचा शब्द झेलला जातो, असे माननीय चंद्रभानजी लांजेवार उपस्थित आहेत." टाळ्या थांबल्यावर त्यांची नजर माझ्यावर पडली. "आणि आपले हेही आले आहेत," ते म्हणाले.

डबे चंद्रभानने वाटले. मी डबे हातात देण्याचं काम केलं. म्हणजे त्याच्या हातात.

त्यानंतर माझं जिणं कठीण झालं. भाजीवाला वांगी तोलता तोलता विचारायचा, "लांजेवारसाहेब कोनत्या देशात हायेत आता?" केस कापणारा कैची थांबवून म्हणायचा, "तुमच्या शेजारी राह्यतात म्हणे ते?" जणू मी त्यांच्या बंगल्याचं आउटहाउस. चंद्रभान कुठल्याही देशात नसायचा. तो कोपऱ्यावरच्या घरात, वर शर्ट आणि खाली लुंगी अशा आंतरराष्ट्रीय गणवेशात बसलेला असायचा.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे तो तिथे चालत होता. त्याची इंग्रजी माझ्याइतकीच, म्हणजे क्रियापदांना सुट्टी असलेली. पण एकदा दोन अर्जदारांनी एकच नाव मागितलं तर काय, यावर जग आठवडेच्या आठवडे वाद घालत असताना हा म्हणाला, "मॅडम, माय स्मॉल कमेंट." आणि त्याने सांगितलं, की आमच्याकडे एकच मंगल कार्यालय असतं आणि एकाच मुहूर्तावर दोन वधूपिते येतात. तेव्हा आमचा मालक पैसेवाल्याला हॉल देत नाही. आधी विचारतो, की पत्रिका कोणाच्या छापून झाल्या? ज्याचा गावाशी शब्द गेलेला आहे, त्याचा हॉल.

जगाने त्याला ते पुन्हा एकदा सांगायला लावलं म्हणे. मग त्या पांढऱ्या केसांच्या बाई, त्या माँटेव्हिडिओच्या होत्या आणि समितीच्या अध्यक्ष होत्या, त्यांनी तो मुद्दा लिहून घेतला. पुढच्या बैठकीपासून नैरोबीचा माणूस आणि ओसाकाचा माणूस एकमेकांशी बोलताना 'लांजेवारांचा वेडिंग हॉल' म्हणू लागले.

मी इतकी वर्षं उपमा देतो आहे. माझी एकही उपमा शेजारच्या बुटीबोरीच्या पुढे गेलेली नाही.

शेवटी मीही त्या समितीत शिरायचं ठरवलं. कोणीही जाऊ शकतं ना? मग मी का नाही? तिथे आधी एक निवेदन द्यावं लागतं, की या विषयात आपला हितसंबंध काय. लोक तिथे आपली कंपनी, आपला धंदा लिहितात. मी प्रामाणिकपणे 'मत्सर' लिहायला हवं होतं, पण तसा रकाना नव्हता. मग मी फक्त निरीक्षक झालो. निरीक्षकाला सगळं ऐकता येतं, सगळं वाचता येतं, बोलता येत नाही. माझ्या घरातलंच पद मला जगाने दिलं.

पहिल्याच दिवसापासून ईमेलांचा पूर आला. एका स्वल्पविरामावर दोन देशांची जुंपली होती. 'करावे' म्हणावं की 'करण्याची शिफारस आहे' म्हणावं, यावर एक सज्जन आजारी पडून परत आले तरी वाद तिथेच होता. आणि त्या सगळ्या पुरात, दर काही पत्रांमागे, चंद्रभानचं एक पत्र. माय स्मॉल कमेंट. आपलं वाक्य तो कुठल्याही विषयाला चिकटवायचा. चर्चा संगणकाच्या सुरक्षेची असो की अर्जाच्या मुदतीची, शेवटी हा नागपूरला येऊन पोचायचाच. आणि हळूहळू त्याला पाठिंबा मिळायला लागला. मुंबईसारख्या थोरल्या बहिणी ज्यांच्या छातीवर बसलेल्या आहेत अशी शहरं जगात पुष्कळ आहेत. त्या सगळ्या शहरांतले लोक त्याला 'डिअर चंद्रा' लिहू लागले. मला डिअर म्हणणारी एक विमा कंपनी तेवढी आहे.

इथे नरखेडबद्दल थोडं सांगणं भाग आहे.

मध्यंतरी नत्थूभाऊंच्या मुलीचं लग्न झालं. चंद्रभान आम्हाला दोघांना घेऊन गेला. जेवायला पंगत. वाढपी जिलेबी घेऊन आला की समोरच्याने पानावर आडवा हात धरायचा. "नको, नको, झालं." वाढप्याने म्हणायचं, "घ्या न जी!" मग पुन्हा हात आडवा, पण बोटं थोडी फाकलेली. "नाही हो, खरंच नाही." तिसऱ्यांदा वाढप्याने "माझ्या गळ्याची आण" म्हणायचं, तेव्हा हात बाजूला करायचा आणि "बरं, अर्धी द्या" म्हणून दोन घ्यायच्या. मी शहरातला भुकेला माणूस. मी पहिल्या खेपेलाच "वाढा" म्हणालो. पूर्ण पंगत माझ्याकडे पाहायला लागली. वाढप्याने मागे वळून नत्थूभाऊंकडे पाहिलं.

"तुम्ही तं पहिल्याच बोलण्यात हो म्हटलं!" परतताना चंद्रभान गाडीत म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटलं होतं. "नत्थूभाऊनं मले बाजूले घेतलं. म्हणे, तुया दोस्ताच्या घरी खायले नाही का?"

"अहो, मला भूक होती."

"भूक समद्याईलेच राह्यते. पण काही वळण असते का नाही माणसाले?"

कामिनी मागच्या सीटवरून म्हणाली, "मी यांना कधीपासून सांगते आहे."

तर हे असं.

मग तो दिवस आला. समितीचं मोठं काम वाटून द्यायचं होतं. शहरांच्या नावांसाठी एक छोटा गट होणार होता आणि त्या गटाचा मसुदा जो लिहील त्याच्याच हातात नियमाची भाषा राहणार होती. बाईंनी चंद्रभानला आधीच इशारा दिला होता, की तुझं नाव पुष्कळ जणांनी सुचवलं आहे, आज विचारीन. मसुदा त्याच्याकडे आला, म्हणजे त्याचं वाक्य आत. वर शेवटच्या बैठकीला परदेशवारी, विमानाच्या तिकिटासकट.

बैठक संध्याकाळी होती. चंद्रभानने लॅपटॉप टीव्हीला जोडला होता. वामनराव कोट घालून आले होते. भावनावहिनींनी आलुबोंडे तळले होते. कामिनीने चंद्रभानला ओवाळायचं तबकही आणलं होतं. मी एका कोपऱ्यात बसून आलुबोंडा खात होतो आणि प्रत्येक घास मला कडू लागत होता. आता हा विमानात बसणार. ढगावरून खाली पाहणार. परत आल्यावर 'तिकडे' या शब्दाने सुरू होणारी वाक्यं मला ऐकावी लागणार. 'तिकडे भाऊ, रस्त्यावर कागद दिसत नाही.' ते वाक्य मी त्याच्या तोंडी आधीच ऐकत होतो आणि उत्तरही तयार करत होतो.

बाई टीव्हीवर आल्या. चंद्रभानचं नाव घेतलं, हसल्या आणि म्हणाल्या की अनेक सदस्यांची इच्छा आहे, की शहरांच्या नावांचा मसुदा तू लिहावास. तुला हे मान्य आहे का?

वामनरावांनी कोटाची बटणं लावली. चंद्रभानने माइक सुरू केला. दोन्ही हात जोडले. चेहऱ्यावर नवरदेवासारखी लाज पसरली.

"नो, नो, मॅडम," तो म्हणाला. "मेनी सीनियर पीपल आर देअर. हू ॲम आय? प्लीज गिव्ह टू सम बिग पर्सन."

आणि माइक बंद करून, हात तसेच जोडून, तो हसत बसला. पहिला हात आडवा धरून झाला होता. आता तो वाढप्याची वाट पाहत होता.

वामनरावांनी लगेच सुरुवात केली. "नाही चंद्रभानजी, हे चालणार नाही. तुम्ही घेतलंच पाहिजे."

"नाही जी सर, मी काय त्याच्या लायकीचा आहो?"

"अहो भाऊ, घ्या ना!" कामिनी म्हणाली.

"नाही वहिनी. माह्यापेक्षा मोठमोठे लोक बसले आहेत तेथं."

इकडे हे चाललं असताना मी टीव्हीकडे पाहिलं. बाईंचा चेहरा थोडा उतरला होता. त्यांनी, आम्ही तुझ्या निर्णयाचा आदर करतो, अशा अर्थाचं काहीतरी म्हटलं आणि डेन्व्हरच्या एका टकल्या गृहस्थांना विचारलं. ते गृहस्थ तेव्हा सँडविच खात होते. त्यांनी घास गिळला आणि म्हणाले, "शुअर. हॅपी टू."

"चंद्रभान!" मी ओरडलो. "अहो, तिकडे पहा!"

"माह्या गळ्याची आण आहे तुमाले," भावनावहिनी त्याच वेळी नवऱ्याला म्हणाल्या. तिसरा आग्रह पुरा झाला. चंद्रभानने मान तुकवली, डोळे पुसले आणि म्हणाला, "बरं बाप्पा. तुमी समदे इतकं म्हणता तं घेतो."

कामिनीने तबक उचललं. वामनरावांनी टाळ्या वाजवल्या. टीव्हीवर बाईंनी, कोणाचा आक्षेप नाही असं दिसतं, असं म्हणून पुढचा विषय सुरू केला. माइक बंदच होता. आमचा सगळा आग्रह हुडकेश्वरातच राहिला.

काय झालं ते कळायला चंद्रभानला थोडा वेळ लागला.

"दुसऱ्यांदा इचारलंच नाही?" तो म्हणाला. "एकदाच इचारलं?"

"एकदाच," मी म्हणालो.

"अन् तो हो म्हणाला? पयल्याच बोलण्यात?"

"सँडविच खाता खाता," वामनराव म्हणाले. त्यांना ते डोळ्यांनी पाहूनही खरं वाटत नव्हतं.

"असं कसं हो म्हणून दिलं?" कामिनी म्हणाली. "घरात मोठं माणूस नाही का कोणी त्यांच्या?"

मी म्हणालो, "चंद्रभान, अजून वेळ गेलेली नाही. ते हात वर करायचं बटण दाबा आणि सांगा, की मला मसुदा लिहायचा आहे. एवढंच म्हणायचं."

माझ्या तोंडून हे निघालं याचं मलाच आश्चर्य वाटलं. त्याचं विमान चुकावं म्हणून मी मनातल्या मनात धावपट्टी उखडत बसलो होतो. पण त्याचा तो चेहरा पाहवत नव्हता. जळावं तर माणूस नीट उभा असला पाहिजे.

चंद्रभानने माउस हातात घेतला. बटणावर नेला. बराच वेळ तसाच धरला.

"मागून घेऊ?" तो हळूच म्हणाला. "पद मागून घेऊ मी? नत्थूभाऊले समजलं तं काय म्हणन तो?"

"तुमच्या वाक्याचं काय?"

"वाक्याचंच तं दुःख आहे नं भाऊ," तो म्हणाला. त्याने माउस सोडून दिला. टीव्हीवर जग पुढच्या विषयात रमलं होतं.

आता यानंतर माझ्या पोटातलं दुखणं थांबायला हवं होतं की नाही? तिथेच तर नशिबाने मला गाठलं. दुसऱ्या दिवशी सकाळी भाजीवाला म्हणाला, "लांजेवारसाहेबांनी जगाचं पद नाकारलं म्हणे?" संध्याकाळपर्यंत सगळ्या हुडकेश्वरात झालं, की विमानाचं तिकीट समोर ठेवलं होतं, पण साहेबांनी हात जोडून मोठ्यांना पुढे केलं. वामनरावांनी जे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं ते विसरून लोकांकडून ऐकलेलं खरं धरलं आणि त्यागाबद्दल चंद्रभानचा सत्कार ठेवला. शाल, श्रीफळ, संत्राबर्फीचा डबा.

"पदाच्या मागे धावणारे आपण रोज पाहतो," वामनराव भाषणात म्हणाले. त्यांनी माझ्याकडे का पाहिलं ते त्यांनाच ठाऊक. "पण चालून आलेलं पद सोडणारा पाहायला भाग्य लागतं."

मीसुद्धा आयुष्यभर पदं सोडायला तयार बसलेलो आहे. कोणी द्यायलाच येत नाही. माझ्याकडे त्या दिवशी आभारप्रदर्शन होतं. शेवटून दुसऱ्या रांगेतल्या लोकांनी ते उठता उठता ऐकलं. घरी आल्यावर कामिनी म्हणाली, "किती निगर्वी माणूस!" आणि माझ्याकडे एकदा वरून खालपर्यंत पाहिलं, जसं फाटलेला उशीचा अभ्रा टाकावा की ठेवावा म्हणून पाहतात.

त्या सत्कारात चंद्रभान मात्र शाल पांघरून माझ्या शेजारी बसला होता आणि खाली पाहत होता. बर्फीचा डबा त्याने उघडलाही नव्हता.

"सत्कार घेऊन काय करू जी?" तो मला पुटपुटत म्हणाला. "मले नाही म्हणायचंच नव्हतं. हे कोणाले सांगू मी?"

"सांगू नका," मी म्हणालो. "सांगितलं तर शाल परत घेतील."

तो हसला, पण त्यात दम नव्हता.

त्याने सोडलं मात्र नाही. डेन्व्हरच्या गृहस्थांना तो पत्रांवर पत्रं लिहीत राहिला. ते गृहस्थ सज्जन होते, प्रत्येक पत्राला उत्तर द्यायचे. पण राजधानीच्या शहरात राहणाऱ्या माणसाला उपराजधानीचं दुःख पत्राने कळत नाही. डेन्व्हर ही त्यांच्या राज्याची राजधानी आहे, हे चंद्रभाननेच नकाशात पाहून मला सांगितलं, आणि त्या दिवशी पहिल्यांदा मी त्याला जळताना पाहिलं. फार बरं वाटलं. इतके दिवस मी एकटाच होतो.

मसुद्याच्या शेवटच्या बैठकीला चंद्रभानने आपलं वाक्य पुन्हा एकदा मांडलं. या वेळी आवाज खणखणीत होता, हात जोडलेले नव्हते. मी निरीक्षक म्हणून माझ्या घरून ऐकत होतो आणि, खोटं कशाला बोलू, बंद माइकसमोर "घ्या ना, घ्या" असं म्हणत होतो. तेरा जण त्याच्या बाजूने बोलले, बारा विरुद्ध. पण तिथे बहुमत चालत नाही, जवळजवळ सगळ्यांचं एकमत लागतं.

अहवाल पुढच्या हिवाळ्यात आला. शहरांच्या नावांबाबत मतैक्य झालं नाही, म्हणून आधीचाच नियम तसाच ठेवला आहे.